एका लॉटचे मासे

दुकानात एकूण एकतीस टाक्या होत्या. एकोणतीस भरलेल्या, एक गळकी म्हणून उपडी घातलेली, आणि एकीत दुकानदाराचा जेवणाचा डबा व हेल्मेट. भरलेल्यांपैकी चौदा टाक्यांत एकेकाच जातीचे मासे होते, पंधरांत सरमिसळ. एका टाकीच्या तळाशी एक मेलेला मासा होता. तो मी मोजणीत धरला नाही आणि आण्णांना दाखवलाही नाही, कारण त्यांचं आणि दुकानदाराचं आधीच जुंपलं होतं.

"सगळे एका लॉटचे पायजेत," आण्णा म्हणत होते.

"लॉट म्हंजे काय ओ मालक? मासं हैत."

"असू देत की मासं. हा तांबडा बघा, आणि हा तांबडा बघा. ह्यो जरा विटकरीकडं जातोय. शेजारी शेजारी आले की फरक दिसणार का न्हाई?"

"पण ते हलत्यात की मालक. एका जागी कुठं थांबत्यात?"

"गिऱ्हाईक बी हलतंच. तरी त्याला रंगातला फरक दिसतो."

आण्णा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत आमचे आठ यंत्रमाग होते. तळमजल्यावर कारखाना, वर आम्ही तिघं. तीस वर्षं आण्णांनी तयार कापड ट्यूबलाइटखाली पसरून हात हात तपासलं होतं. डाग, गाठ, तुटका धागा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आता ते त्याच नजरेनं टाक्यांपुढून चालले होते, हात पाठीमागे, मान जराशी तिरकी. मागून मी. त्या वर्षी मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी बसले होते, नोकरी लागायची होती, आणि माझ्या पिशवीत पाण्याची परीक्षा करायची रसायनं होती. ती आणायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मासे घ्यायचे, ही कल्पनाही आमची नव्हती. ती डॉक्टर चौगुल्यांची. आमचा कारखाना गुरुवारी बंद असायचा, त्यामुळे बाहेरची सगळी कामं आमच्याकडे गुरुवारीच होत: दवाखाना, पत्रिका वाटणं, आणि आता मासे. आदल्या गुरुवारी डॉक्टरांनी आण्णांच्या दंडावरचा पट्टा सोडत म्हटलं होतं, "एकशे चौसष्ट, शंभर. आण्णा, गोळी चालू असून ही गत आहे. आता माग बंद करा."

"गोळी बदलून द्या की."

"बदलीन. पण दिवसभर तो खडखडाट डोक्यावर असल्यावर गोळी काय करणार?"

"पायाखाली," आण्णा म्हणाले. "माग खाली हैत, आमी वर."

आईला एवढंच हवं होतं. "मी कधीची सांगतेय डॉक्टर. माझा भाऊ गिऱ्हाईक बघून बसलाय. आठच्या आठ माग एका हाती जातात. खालची जागा गोडाऊनला द्यायची आणि निवांत ऱ्हायचं."

"आवाजानं रक्तदाब वाढतो, हे सिद्ध झालंय आण्णा," मी म्हणाले, आणि त्यावर झालेल्या दोन अभ्यासांची माहिती दिली. आण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू चालू मागात मीच हात घातला होता.

"निवांत," ते स्वतःशी म्हणाले. मग पुन्हा, "निवांत ऱ्हायचं." त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. "डॉक्टर, एक महिना द्या."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी जरा विचार केला. "असं करा, घरात माशांची टाकी आणा. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास तिच्यापुढं गप बसायचं. पुष्कळांना फरक पडतो. महिन्यानं वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली आला तर माग ठेवा."

"आणि न्हाई आला तर मी भावाला फोन लावणार," आई म्हणाली.

तेव्हा त्या दुकानात आण्णा मासे घेत नव्हते. कामगारांची भरती करत होते.

दुकानदाराचं नाव बाहुबली मगदूम. अंगानं काडी, आवाज मात्र नावाला शोभणारा. त्यानं आधी त्याचा सगळ्यात महागडा मासा दाखवला, कपाळावर भलंमोठं टेंगूळ असलेला. "ह्यो माणूस ओळखतो मालक. मालक आला की नाचतो."

"एकटाच असतो?"

"एकटाच. दुसऱ्याला टाकीत टिकू देत न्हाई."

"नको. एकटा कामगार ठेवला की डोक्यावर बसतो."

गोल्डफिशपुढे आण्णा क्षणभर थांबले. "पोट बघ विशा त्याचं. बसून खाणारा हाय." उभट, पंख्यासारख्या एंजलबद्दल त्यांचं मत, की हा दिसायला चांगला पण कामात सावकाश. गप्पींची पिल्लं महिन्याभरात चौपट होतात हे ऐकल्यावर त्यांनी हातच जोडले. "एवढ्यांना कामाला कुठं लावू?"

"मालक, काम काय लावायचं त्यांना? बघत बसायचं नुस्तं."

"माझं प्रेशर उतरवायचं काम हाय. ते काय लहान काम हाय व्हय?"

बाहुबलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो गंभीर झाला आणि स्टूल ओढून आण्णांना बसायला दिलं. "मग बसून निवडा. घाई न्हाई. आमच्यात मासं खात न्हाईत, त्यामुळं मला ते नुस्तं जगवायचंच म्हाईत हाय. एक मेलेला दाखवा दुकानात."

मी गळक्या टाकीकडे बघत राहिले.

शेवटी आण्णांची नजर कोपऱ्यातल्या टाकीवर बसली. पिवळसर अंग, त्यावर काळे उभे पट्टे. टायगर बार्ब. आण्णा स्टुलासकट पुढे सरकले.

"पट्ट्याचं काम हाय," ते हळूच म्हणाले. "किती पट्टे, विशा?"

"चार."

"सगळ्यांना?"

मी मोजायला लागले. टाकीत साठेक मासे होते आणि एकही स्थिर नव्हता, पण एवढं नक्की, की काहींचा तिसरा पट्टा पाठीपासून निघून पोटापर्यंत पोचतच नव्हता. मी तसं सांगितलं.

"बघा!" आण्णा बाहुबलीला म्हणाले. "डिझाईन चुकलंय. असला माल मला नको. पुरे चार पट्टे, सरळ, आणि अंतर सारखं. असे बारा काढा."

बाहुबलीनं जाळी घेतली. एकेक मासा काढून तो काचेच्या भांड्यात सोडायचा, आण्णा भांडं ट्यूबलाइटपुढे धरून फिरवायचे, आणि "पास" किंवा "सेकंड" म्हणायचे. सेकंड परत टाकीत जायचा. तोच मासा पुन्हा जाळीत आला की आण्णा त्याला ओळखायचे. "ह्याला मगाशी काढलाय. परत कशाला दाखवताय?" बाहुबलीला घाम फुटला. नवव्या माशानंतर तो मला कानाशी येऊन म्हणाला, "ताई, लग्नाच्या मुली बी एवढ्या बघत न्हाईत ओ."

टाकीच्या बाबतीत निर्णय माझा होता. बाहुबली गोल भांडं घ्या म्हणत होता, टेबलावर छान दिसतं. मी त्याला सांगितलं, की गोल भांड्याला वरचा पृष्ठभाग कमी, म्हणून पाण्यात प्राणवायू कमी मिसळतो, आणि बारा बार्बना निदान पासष्ट लिटर तरी पाणी पाहिजे.

"ताई, तुम्ही शाळेत शिकवता का?"

"नाही."

"मग शिकवा. पोरं भितील."

मी दोन फुटी टाकी निवडली. आण्णांनी खिशातून टेप काढून ती मोजली, काचांचे जोड बोटानं चाचपले. "किनार सरळ हाय," असं म्हणून त्यांनी पसंती दिली, आणि दोन फुटांत अर्धा इंच मारलाय हेही बाहुबलीला ऐकवलं. नव्या पाण्यात निदान तीन आठवडे मासे सोडू नयेत, असं मी म्हणून बघितलं. आण्णा म्हणाले, माझ्याकडं सगळे मिळून चार हैत. शेवटी बाहुबलीनं त्याच्या चालू टाकीतला जुना स्पंज आमच्या फिल्टरमध्ये घालून दिला. त्यातले जिवाणू पाणी सांभाळतील, हे मला पटलं.

घरी आल्यावर आण्णांनी टाकीचा लोखंडी स्टँड चारी पायांनी नट-बोल्ट मारून जमिनीला जखडला. यात आम्हां तिघांनाही काही चमत्कारिक वाटलं नाही. आमच्या घरात सगळंच जखडलेलं असायचं. खाली माग चालू असले की वरची वस्तू जागेवर राहत नाही, हळूहळू चालायला लागते. आईनं भांड्यांच्या फळीला पुढून पट्टी मारून घेतली होती, नाहीतर दुपारपर्यंत डबे कडेला येऊन उभे राहायचे. देव्हाऱ्यातले देवसुद्धा लाल कापडात रोवून बसवले होते.

त्या संध्याकाळी मासे पाण्यात सुटले. बाराच्या बारा एका दिशेनं जायचे आणि एकदम वळायचे, जसा एखादा कापडाचा तुकडा झटकावा. आईसुद्धा पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. आण्णांनी त्यांना मागांसारखे नंबर द्यायचं ठरवलं, पण सगळे एका लॉटचे निघाल्यामुळे एक नंबर कुठला आणि सात नंबर कुठला ते कळेना. हा तोटा त्यांनी धरला नव्हता.

"काम चांगलं करतील," ते झोपायला जाताना म्हणाले.

शुक्रवारी सकाळी माग सुरू झाले आणि आण्णा आंघोळ करून टाकीपुढे बसले, तेव्हा टाकीत एकही मासा दिसत नव्हता. मी वाकून बघितलं. फिल्टर आणि मागची काच यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती. तिच्यात बाराही जण उभे दाटले होते.

"नवी जागा हाय. बुजले असतील," आण्णा म्हणाले.

शनिवारीही ते तिथंच. रविवारीही. मी पाण्याची परीक्षा केली. अमोनिया नाही, आम्लता बरोबर, तापमान बाहुबलीच्या टाकीएवढंच. मी प्रकाश कमी केला, मग वाढवला. खाणं बदललं. आण्णा मात्र नेमानं सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास त्या मोकळ्या पाण्यापुढे बसत. चारेक मिनिटांत त्यांची हनुवटी छातीला टेकायची आणि ते घोरायला लागायचे.

"काय बघताय ओ?" आई विचारायची.

"हजेरी," आण्णा दचकून म्हणायचे. "एक बी आलेला न्हाई."

मी बाहुबलीला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडं तर दिवसभर नाचत होते. तुमच्या मालकांना घाबरले असतील."

गुरुवारी सकाळी मी उठून बघते तर बाराही मासे टाकीच्या मध्यावर, निवांत. आईनं ते माझ्या आधी बघितलं होतं. ती कंबरेवर हात ठेवून टाकीपुढे उभी होती, आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता की मला सगळं तिथंच समजलं. माग बंद होते. स्टँड हलत नव्हता. सहा दिवस आम्ही त्या माशांना अक्षरशः मागावर बांधून ठेवलं होतं, आणि आम्हाला स्वतःला तो हादरा जाणवतच नसल्यामुळे ते लक्षात आलं नव्हतं.

"बघा," आई आण्णांना म्हणाली. "मुक्या जिवाला कळतंय, तुम्हाला कळत न्हाई. माग बंद, तर मासा निवांत. माणसाचं बी तेच."

आण्णा टाकीपुढे बसले. मासे सुंदर पोहत होते. एवढे सुंदर, की मी स्वतः पुस्तक मिटून बघत बसले. त्या अर्ध्या तासात आण्णा तीनदा उठले. जिन्यापर्यंत जायचे, कान देऊन उभे राहायचे, परत यायचे. पंखा फिरत असताना त्यांनी मला विचारलं, "लाईट गेली का?"

दुपारी दवाखान्यात वरचा आकडा एकशे अडुसष्ट आला.

"मासे बघताय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज भरपूर बघितले," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. घरी येताना ते वाटेत दोन कारखान्यांपुढे विनाकारण थांबले.

हे माझ्या हिशेबात बसेना. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे मासे दिसले की रक्तदाब उतरायला हवा. माझ्या म्हणण्याप्रमाणे आवाज थांबला की उतरायला हवा. गुरुवारी मासेही दिसले, आवाजही थांबला, आणि आकडा चढला. मी रक्तदाब मोजायचं बॅटरीवरचं यंत्र विकत आणलं आणि शुक्रवारी, माग चालू असताना, आण्णांच्या दंडाला बांधलं. पट्टा फुगला, सुटला, परत फुगला, आणि पडद्यावर आकड्याऐवजी चूक असल्याची खूण आली. पाच वेळा तेच. स्वतःला बांधून बघितलं, तेच. खालच्या हादऱ्यांमुळे त्याला नाडी सापडत नव्हती. ते आण्णांचा नव्हे, कारखान्याचा रक्तदाब मोजायला बघत होतं.

यंत्र डब्यात घालताना मी थांबले. मग स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती.

"आई, आण्णांना दवाखान्यात कधी नेतो आपण?"

"गुरुवारी. दुसरं कधी जमतंय?"

"कायम गुरुवारीच?"

"आता हे काय नवीन? माग चालू असताना ते तिथनं हलतात तरी काय?"

"म्हणजे माग चालू असताना आण्णांचं प्रेशर किती असतं, ते आजपर्यंत कुणी बघितलेलंच नाही."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "बघायचं काय त्यात? जास्तच असणार."

"असेल. पण मोजूया की."

"मोज. तुला मोजल्याशिवाय घास उतरत न्हाई हे म्हाईत हाय मला. पण विशा, मी भावाला सांगून ठेवलंय. एक तारखेला तो गिऱ्हाईक घेऊन येतोय. माझा काय त्या मागांवर राग हाय व्हय? माझा माणूस मला पायजे." हे शेवटचं ती तव्याकडे बघून म्हणाली. खालच्या आवाजात मी ते बाजूनं तिच्या ओठांवरच वाचलं.

डॉक्टरांना घरी आणायला मला दोन आठवडे लागले. "पोरी, हे शास्त्रात बसत नाही," ते म्हणत. "बसत नाही म्हणूनच मोजायचं डॉक्टर," मी म्हणत असे. शेवटी महिन्यातल्या अखेरच्या गुरुवारी ते पाऱ्याचं यंत्र घेऊन आमचा जिना चढले. ते कधी वर आले नव्हते. खाली आमचा जुना कामगार इरगोंडा सुट्टी मोडून आला होता. ठरलं असं, की सुरुवातीला सगळे माग बंद. मग दोन-दोन करत सुरू करायचे, प्रत्येक वेळी थोडं थांबायचं आणि मोजायचं. डॉक्टर आण्णांचा रक्तदाब घेणार. दिसणारे मासे आई मोजणार, आणि जिन्यात जाऊन टाळ्या वाजवून इरगोंडाला इशारा देणार. आवाज चालू झाला की आमच्या घरात हाक कुणाला ऐकू जात नाही, टाळी जाते.

"आणि मी डॉक्टरांची नाडी मोजणार," मी म्हणाले.

"माझी? कशाला?"

"तुलनेला एक माणूस लागतो. ज्याला मागाची सवय नाही असा."

डॉक्टर मुकाट्यानं मनगट पुढे करून बसले.

माग बंद. मासे बारा. डॉक्टरांची नाडी बहात्तर. आण्णा एकशे सहासष्ट.

"आण्णा," डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "घर कसं शांत आहे बघा. मासे बघा किती छान—"

"डॉक्टर," आण्णा म्हणाले, "ह्या घरात शांत कधी होतं म्हाईत हाय? एक तर वीज जाते, न्हाईतर काहीतरी मोडतं, न्हाईतर कामगार सोडून जातो. तीस वर्षं झाली, शांत झालं की मी पळतच खाली गेलोय. आणि तुम्ही मला म्हणताय, शांत हाय, गप बसा."

आई जिन्याकडे निघाली होती, ती तिथंच थांबली. मग जाऊन तिनं टाळ्या वाजवल्या.

दोन माग. जमीन बारीक थरथरली. पाण्यावर वर्तुळं उठली आणि मासे एकमेकांजवळ सरकले. "नऊ!" आई म्हणाली. आण्णा एकशे अठ्ठावन्न. डॉक्टरांची नाडी ऐंशी.

"एक नंबर आणि तीन नंबर घेतले इरगोंडानं," आण्णा म्हणाले. "तीन नंबरचा पट्टा ढिला हाय. आवाज ऐक."

चार माग. डॉक्टरांनी कानांतल्या नळ्या काढल्या. "आता काही ऐकू येत नाही!" ते ओरडले. "खालचा आकडा मिळणार नाही! वरचा हातानं घेतो!" त्यांनी आण्णांच्या मनगटावर बोटं ठेवली, पट्टा फुगवला, नाडी थांबू दिली, मग हवा सोडत ती परत कधी लागते ते बघितलं. आम्हाला हवा होता तो वरचाच. एकशे पन्नास. आईनं चार बोटं दाखवली. डॉक्टरांची नाडी अठ्ठ्याऐंशी.

"उतरतंय," डॉक्टर म्हणाले. त्यांचे फक्त ओठ हलले. त्यांनी पट्टा काढून पुन्हा बांधला आणि पुन्हा मोजलं. तेवढंच.

सहा माग. फळीवरची भांडी किणकिणायला लागली. डॉक्टरांनी त्यांच्याकडे सरकत आलेला पाण्याचा तांब्या धरून ठेवला. त्यांची नाडी आता सत्त्याण्णव होती आणि कपाळावर घाम. टाकीत एकच मासा इकडून तिकडे सैरावैरा धावत होता.

"त्याचे पट्टे साडेतीन असणार," आण्णा डोळे न उघडता म्हणाले. आम्ही घरचे ओठांवरून बोलणं ओळखतो. "बाहुबलीनं एक सेकंड घुसडलाय."

एकशे बेचाळीस.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. तिची नजर पाऱ्यावर होती. मासे मोजायचं ती विसरली होती. तिनं जिन्यात जाऊन टाळ्या वाजवल्या. सात नंबर सुरू झाला. आठ नंबर होईना. आईनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. खालून इरगोंडानं वर बघून दोन्ही हात हलवले: चालत नाही. आण्णा खुर्चीतच पुढे झाले, हात खुर्चीच्या कडेवर, उठायच्या बेतात. मी त्यांचा खांदा दाबून धरला. त्यांनी आईला हातानं खूण केली: डावी बाजू, वर, जोरात. आईनं ती जिन्यातून जशीच्या तशी खाली केली. मी तिला ती खूण करताना पहिल्यांदाच बघत होते, पण तिला ती बरोबर येत होती.

आठ नंबर लागला.

तो लागला तसे आण्णा मागे टेकले. आठ मागांचा एक आवाज होतो तेव्हा तो आवाज राहत नाही. माझ्याही अंगातलं काहीतरी सैल झालं आणि मला जांभई आली. शेवटचा मासा फटीत शिरला. डॉक्टर दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते. त्यांनी मला ओठांनी सांगितलं, "ही टाकी माझ्या दवाखान्यात पाठवून द्या," आणि आईनं त्यांना विचारलं, "आणि भावाला काय सांगू?" डॉक्टरांना ते कळलं नाही. ते घरचे नव्हते.

आण्णांचं तोंड किंचित उघडलं होतं. हनुवटी छातीवर आली होती. आई त्यांच्याजवळ जाऊन वाकली, त्यांच्या नाकापुढे हात धरला, आणि हसत मागे झाली. ते झोपले होते.

थोडं थांबून डॉक्टरांनी हळूच पट्टा फुगवला, मनगटावर बोटं ठेवली आणि हवा सोडायला लागले. नाडी परत लागली तशी त्यांनी मान हलवली आणि झडप बंद केली. आकडा ते ओरडून सांगत होते, पण ऐकू येत नव्हता. मी गुडघ्यांवर बसले, डोळे पाऱ्याच्या रेषेत आणले आणि वाचला. एकशे चौतीस.